आपण कुठल्या गावात आहोत?

ऑक्टोबर लागला की आमच्या इमारतीत पुन्हा हाडं वाजू लागतात.

इमारत सिंगापुरातल्या आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खालच्या मजल्यांवर इलेक्ट्रॉनिक्सची कसली कसली कामं चालतात, निळ्या टोप्या घातलेल्या बायका लिफ्टमध्ये भेटतात, आणि पाचव्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. सोमवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेत रविवारची रात्र असताना, एका खोलीत अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असतो. हेल्मेटवर हेल्मेट आदळत असतं. शेजारच्या खोलीत मी. भारतात आदल्या दिवशी झालेल्या कबड्डीच्या सामन्यांचं तासाभराचं संकलन माझ्यासमोर लावलेलं असतं आणि त्यावर मी मराठीतून आवाज चढवत असतो. दोन खोल्यांमध्ये जाड काच आहे. तिच्यातून आवाज येत नाही असं बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. मला येतो. शंभर किलोचा माणूस शंभर किलोच्या माणसावर धावत जाऊन आदळला की तो आवाज कानातून येतच नाही, बरगड्यांतून येतो. ज्यांनी अशी धडक खाल्लीय त्यांना कळेल.

गेल्या वर्षी या दिवसांत काचेपलीकडे डॅरेल बसायचा.

दार भरून येणारा माणूस. नऊ वर्षं तो तिकडच्या व्यावसायिक संघात बचावफळीच्या मधोमध उभा राहून समोरून येईल त्याला जमिनीत गाडण्याचं काम करत होता. त्याची उजवी करंगळी काटकोनात बाहेर गेलेली होती. मान वळत नसे, त्यामुळे कुणी हाक मारली की तो अख्खाच वळायचा, बैलगाडी वळते तसा. दोन्ही गुडघे धातूचे. खेळ संपल्यावर त्यानं आधी गावच्या रेडिओवर, मग टीव्हीवर बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता तो सिंगापूरला येऊन पोचला. त्याच्या आवाजात खडी होती. तो हळू बोलायचा, म्हणून माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या माणसालाही त्याचं इंग्रजी कळायचं. आठवतं तेव्हा मात्र ते मला मराठीतच आठवतं.

मी कोण, हेही सांगायला हवं. वाळवा तालुक्यातला. नववीत कबड्डीचे वस्ताद अण्णांच्या आखाड्यात पोचलो आणि तिथून शाळेच्या वाटेला गेलोच नाही. डावा कोपरा खेळायचो, म्हणजे बचावात डाव्या टोकाला. पुढं साखर कारखान्याच्या संघात लागलो, कागदोपत्री वॉचमन. गुडघा गेल्यावर गावोगावच्या स्पर्धांत माइक हातात घेतला. "चढाईला आलाय आमचा ढाण्या वाघ" वगैरे. कुणीतरी त्याची चित्रफीत मोबाइलवर फिरवली आणि एक दिवस परदेशातून फोन आला. मला वाटलं फसवाफसवी आहे. अजूनही दर वर्षी इथं काम करायच्या पासच्या नूतनीकरणाचा दिवस आला की मला तेच वाटतं. आता कुणीतरी विचारणार, दहावीचं प्रमाणपत्र कुठाय? वुडलँड्सला मी एका खोलीत भाड्यानं राहतो. तिथं उशीखाली पासची झेरॉक्स ठेवून झोपतो. हसू नका.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली होती. पडद्यावर एक चढाईपटू उडी मारून परत चालला होता आणि तिघांनी मिळून त्याला हवेतच आडवा केला. तो खाली आला तेव्हा त्याचा घोटा त्याच्या बरोबर आला नाही. मला दिसलं. मी गप्प झालो. आमची निर्माती मेई लिंग, मला तान्याऐवजी टाना म्हणणारी, हेडफोनमधून ओरडली, "टाना, व्हाय सो क्वाएट? ओरड ना लाह! भारी पकड आहे!" पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. तिनं बाहेर येऊन कपाळाला हात लावला. मनात मी वुडलँड्सची खोली आवरायलाही घेतली होती.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि हा डोंगर आत आला. काचेतून त्यानं सगळं पाहिलं होतं. "तो गप्प बसला कारण काय मोडलं ते त्याला माहीत आहे," तो मेई लिंगला म्हणाला. "ओरडणारे तुला गल्लोगल्ली मिळतील." मग माझ्याकडे अख्खा वळून म्हणाला, "पार्टनर, एक नियम. पडलेला माणूस हलेपर्यंत आपण बोलायचं नाही. हलला की मग बोल, पाहिजे तेवढं."

त्या एका वाक्यावर मी इथं टिकलो. त्याचे उपकार किती मोठे, ते घरापासून इतक्या लांब आल्याशिवाय कळायचं नाही.

पार्टनर. आमच्याकडं जोडीदार म्हणतात. कबड्डीत कोपरा एकटा नसतो. त्याच्या आतल्या अंगाला एक जण त्याच्या हातात हात घालून उभा असतो. दोघांची साखळी. एकानं झेप घेतली की दुसऱ्यानं घ्यायचीच, विचार करायला वेळच नसतो. हाताला झटका बसला की अंग निघतं. माझा जोडीदार हणमंत. सात वर्षं मी त्याचा डावा हात धरला. बायकोचा धरला नसेल इतका. अण्णांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली: चढाईपटूच्या तोंडाकडं बघायचं नाही, पायाकडं बघायचं. तोंड सतरा थापा मारतं, पाऊल ज्या अंगाला वळलंय तिकडंच माणूस जाणार. दुसरी: जोडीदाराला लागलं तर समोरच्याला कळू द्यायचं नाही. हात घट्ट धरायचा, आपण अर्धं पाऊल आत सरकायचं, त्याची बाजू आपण झाकायची. लागलेला दिसला की समोरचा तिथंच घुसतो.

या दोन्ही गोष्टी माझ्या अंगात इतक्या मुरल्यात की अजूनही मी माणसं पायांवरून ओळखतो. एमआरटीत बसलो की समोरच्याचे पाय बघतो आणि तो कुठल्या स्टेशनला उतरणार ते सांगू शकतो. बहुतेक वेळा बरोबर येतं.

म्हणून डॅरेलचं मला सगळ्यांच्या आधी दिसलं.

डिसेंबरचा पहिला आठवडा असेल. इथं त्या दिवसांत दुपार झाली की आभाळ तडकतं, शेजारच्या मैदानावर विजेचा इशारा देणारा भोंगा वाजतो आणि पोरं चेंडू टाकून पळत सुटतात. तसाच भोंगा वाजत होता. आमच्या पॅसेजमध्ये दोन खोल्यांची दोन सारखीच हिरवी दारं आहेत. डॅरेल त्यांच्यासमोर उभा होता. तोंडावर नेहमीचं हसू, हातात कागद. पण त्याचं एक पाऊल डाव्या दाराकडं होतं आणि एक उजव्या. टाचा उचललेल्या. चढाईत जी ओलांडावीच लागते त्या निदान रेषेवर अडकलेल्या नवख्या चढाईपटूचे पाय असतात तसे. आत जायचं की परतायचं, पायालाच ठाऊक नाही. चार वर्षं तो रोज त्या दारातून जात होता.

मी काय केलं? त्याच्या शेजारून जाता जाता डाव्या दारावर हलकेच टकटक केलं. "अरे, माहीत आहे रे," तो म्हणाला. "तुझी परीक्षा घेत होतो." आम्ही दोघंही हसलो.

तिथून मी त्याचा हात धरला. म्हणजे धरला नाही. पण साखळी झाली. सामना चालू असताना तो एखाद्या संघाचं नाव शोधत डोळे मिटायचा. मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काचेला लावायचो. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, तो कॉफीवाल्या अंकलसमोर नुसताच उभा राहायचा, तेव्हा मागून मीच "कोपी सी, एक" असं म्हणून टाकायचो. अंकल मला म्हणाले, "तू याचा सेक्रेटरी का?" मी म्हटलं, "जोडीदार." त्यांना ते कळलं नाही. मेई लिंगनं एकदा विचारलं, "डॅरेल ओके आहे ना?" मी म्हणालो, "झोप झाली नसेल." आणि अर्धं पाऊल आत सरकलो.

मला वाटत होतं मी उपकार फेडतोय. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. गडबड झाली, चौकशी झाली, हा नववीवाला काचेला कागद कसले लावतो असं कुणी विचारलं, तर?

पण त्याच दिवसांत हणम्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

कराडची स्पर्धा. मातीवरचं मैदान, भोवती बांबूचा कठडा, माणूस माणसाच्या खांद्यावर. दुपारच्या उपांत्य सामन्यात एका चढाईपटूनं आमच्या साखळीवरून उडी घेतली आणि त्याचा गुडघा हणम्याच्या कानशिलावर बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. हणम्या पडला, उठला, अंगाची माती झटकली, हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मध्यंतरात आम्ही पाण्याच्या पिंपाशी बसलो होतो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"तान्या, आपण कुठल्या गावात खेळतोय रं?"

मी हसलो. "कराडात, लेका! दुपारीच चढली का?"

"व्हय व्हय. कराड," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "कुठलं गाव म्हणालास?"

अण्णा चार हातांवर होते. मी आवाज खाली घेतला. पुन्हा सांगितलं. फायनल संध्याकाळी होती, कारखान्याची माणसं संघात घ्यायला पोरं बघायला येणार होती, आणि साखळी तुटली तर माझं काय? मी त्याला गुण सांगत राहिलो, बाजू सांगत राहिलो, आणि त्याचा हात इतका घट्ट धरला की त्याची बोटं पांढरी पडली.

फायनलची शेवटची चढाई. समोरचा आंधळ्या रेड्यासारखा आला. मी झटका दिला, आम्ही दोघं एकदम निघालो, मी घोटा धरला, हणम्यानं मांडी. तिघं एकत्र पडलो. सगळ्यांत खाली हणम्याचं डोकं. या वेळी आवाजच आला नाही, कारण तोवर लोक मैदानात घुसले होते. गुलाल उडाला. मला कुणीतरी खांद्यावर घ्यायला लागलं आणि जाता येईना, कारण हणम्यानं माझा हात सोडला नव्हता. डोळे उघडे होते. नाकातून रक्त येऊन मातीत जिरत होतं. त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

कारखान्याची नोकरी मला त्या पकडीवर लागली. हणम्या अजून आहे. उजवं अंग लुळं, बोलणं लाळेत अडकलेलं. त्याची आई, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, त्याला भरवते. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं मला विचारलं होतं, "तान्या, दुपारी त्याला लागल्यालं तुला ठावं हुतं का रं?"

"न्हाय, आक्का," मी म्हणालो होतो.

जानेवारीतला एक सोमवार. सामना संपवून डॅरेल आणि मी खायला निघालो होतो. त्या दिवशी त्यानं माइकवर कमाल केली होती. मैदानावर एकानं दुसऱ्या पोराच्या छातीत खांदा घुसवून त्याला मागच्या मागं उडवलं, त्या धडकेचं त्यानं असं वर्णन केलं की मेई लिंगच्या हातातली कॉफी थांबली. मी काचेला एकही कागद लावला नव्हता. मला वाटलं, बरा झाला.

रस्त्याशी आलो. सिग्नलला लाल माणूस लागलेला. डॅरेलचं डावं पाऊल पुढं वळलेलं मी पाहिलं. डोळे माझ्याकडं, तोंड माझ्याशी बोलतंय, पाऊल रस्त्याकडं. उजवीकडून सिमेंटचा मिक्सर येत होता.

विचार करायला वेळच नसतो. मी खाली गेलो. माझ्या कामातून गेलेल्या गुडघ्यावर, त्या सपाट स्वच्छ फुटपाथवर, कित्येक वर्षांनी मी एका माणसाची मांडी धरली आणि अंग फिरवलं. झाड पडावं तसा तो माझ्यावर आला. माझी कोपरं सोलली, हनुवटी फुटली, त्याच्या धातूच्या गुडघ्यानं माझ्या बरगडीत असा धक्का दिला की मला श्वास सापडेना. मिक्सर भोंगा वाजवत वीतभर अंतरावरून गेला. त्याचा गरम वारा तोंडावर आला. एक बाई किंचाळली. कुणाची तरी संत्री रस्त्यावर घरंगळली आणि पुढच्या गाडीखाली फुटली.

डॅरेल पाठीवर पडून हसत होता. कपाळातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. "पकड बघ याची! तू जोरात मारतोस रे, पार्टनर." मग हसू थांबलं. त्यानं वर राहत्या घरांच्या ब्लॉककडं पाहिलं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बांबूंकडं पाहिलं. आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये असं, मला विचारलं,

"आपण कुठल्या गावात आहोत?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलंही. दातांवर रक्ताची चव होती, तीच, कराडच्या मातीतली. माझा हात त्याच्या हातात होता आणि तो घट्ट धरत चालला होता.

मी उत्तर दिलं नाही. हात सोडवून घेतला. त्याला फुटपाथच्या कडेला बसवलं, त्या संत्रीवाल्या बाईला जरा थांबायला सांगितलं आणि मेई लिंगला फोन लावला. माझ्या मोडक्या इंग्रजीत, हिरव्या दारापासून काचेवरच्या कागदांपर्यंत, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "व्हाय यू नेव्हर टेल मी, टाना? एक महिना?" तिच्या बोलण्यात वाक्यामागं लावायचं इथलं नेहमीचं 'लाह' नव्हतं.

डॉक्टर, तपासण्या, तिकडून त्याच्या मुलीचे फोन. इतक्या वर्षांच्या धडका डोक्यात साठल्या होत्या. त्यांचं काय झालंय ते त्याच्या मुलीलाच नीट सांगण्यात आलं, मला नाही. मला एवढंच कळलं की तो आता बोलायला बसणार नाही.

सामान न्यायला तो आला त्या दिवशी मी पॅसेजमध्ये उभा होतो. त्यानं मला पाहिलं. पाय माझ्याकडं वळलेले दिसले, दोन्ही, आणि मी हललो नाही. त्यानं माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. डोक्यामागचा फलक फुटून खाली पडला. "तो माझा माइक होता!" तो गरजला. "माझ्याकडं दुसरं काय आहे? सांग, काय आहे?" त्याचा हात माझ्या गळ्यावर होता. त्याच्या डोळ्यांत मी कुठला तरी निळ्या जर्सीतला पोरगा होतो, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मेई लिंग किंचाळत आली. मी तिला हातानं थांबवलं. माझ्या बरगड्या अजून जुळल्या नव्हत्या, दर श्वासाला सुरी फिरत होती, तरी वाटत होतं, मार. कराडपासूनची बाकी आहे.

हळूहळू हात सैल झाला. तो माझ्या खांद्यावर कपाळ टेकून उभा राहिला. तेवढ्या वजनाखाली मी कसा टिकलो ते मला माहीत नाही. जाताना माझ्याशी बोलला नाही.

माझा पास त्या वर्षीही झाला. मेई लिंगनं कागदावर सही करताना मान वरही केली नाही. "पुढच्या वेळी लवकर सांग," एवढंच.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आधी हणम्याकडं गेलो. आक्का चुलीपुढं होती. दारातूनच म्हणालो, "आक्का, मला ठावं हुतं. त्यानं मला दोनदा इचारल्यालं." तिच्या हातात चिमटा होता. ती उठली आणि तोच तिनं माझ्या खांद्यावर हाणला. तापलेला. मग दुसऱ्यांदा, त्याच जागी. पाणीही विचारलं नाही. मी हणम्यापाशी बसलो. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. डावा हात चाचपडत पुढं आणला आणि माझी बोटं धरली. खांद्यावरचा डाग अजून आहे. पाठीला पिशवी लावली की पट्टा नेमका तिथंच घासतो.

आता पुन्हा ऑक्टोबर. काचेपलीकडे एक नवा माणूस बसतो, केस चापून बसवलेला, पडलेला माणूस हलायच्या आधीच बोलणारा. माझ्या पडद्यावर मातीऐवजी रबरी मॅट आहे, दिवे आहेत, पोरांच्या अंगावर चकचकीत कपडे आहेत. पण कानशिलावर गुडघा बसला की नारळ तसाच फुटतो. तेव्हा मी थांबतो. परवा एक पोरगा असाच पडला, उठला, हात वर केला. मी म्हणालो, "मंडळी, गुण होत राहतील. या पोराला आधी कुणीतरी विचारा, आपण कुठल्या गावात खेळतोय. आणि उत्तर त्यालाच देऊ द्या." मेई लिंगला मराठी येत नाही. तिनं अंगठा वर केला.

डॅरेल आता मुलीकडं असतो. राग कधी गेला ते कळलं नाही. बहुतेक राग आला होता हेच तो विसरला. सोमवारी सामना संपला की तो फोन करतो आणि नव्या माणसाच्या चुका काढतो. खेळातलं त्याला सगळं आठवतं. कोण कुणावर कुठल्या बाजूनं आदळला, कुणाचा खांदा खाली राहिला. गेल्या सोमवारीही तसाच बोलत होता. मी पावसाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग नेहमीसारखं, सहज विचारल्यासारखं विचारलं,

"डॅरेल, तू आत्ता कुठल्या गावात आहेस?"

मी मनात मोजत राहिलो. भिंतीवर घड्याळ होतं, तरी मी श्वासांत मोजत होतो, चढाईला मोजतात तसं.

"तू सांग ना, पार्टनर," तो म्हणाला. आवाज अगदी हळू, शेजारी कुणीतरी असल्यासारखा.

उत्तर मला पाठ होतं. त्याच्या मुलीनं पाठवलेला पत्ता समोर भिंतीवरच चिकटवलेला आहे. माझा हात फोनवर घट्ट होत गेला. मी तो सैल केला.

"डॅरेल," मी म्हणालो, "फोन जरा मुलीकडे दे."